फिल्मच्या छिद्रांमधली जागा

दिवाळीच्या कार्यक्रमाची आवराआवर चालली होती. खुर्च्या एकावर एक चढवता चढवता मंडळाच्या नव्या कार्यकारिणीतली एक तरुण मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, आपल्या जुन्या नाटकांच्या व्हीएचएस फिती कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. चित्राचं मी बघते. आवाजाचं काय करू? १२८ वर ठेवू की १९२ वर? आणि एमपी३ करू की एएसी?"

मी नोकरीतल्या सवयीने ताबडतोब उत्तर दिले. घरी येताना गाडीत मात्र मला वाटले, हे १२८ आणि १९२ आले तरी कुठून? तिला ते कुणीतरी सांगितलेले, मला त्याआधी कुणीतरी सांगितलेले. पण त्या पहिल्या 'कुणीतरी'ने १२८ हाच आकडा का धरला? कुणी शंभर लोकांचे कान तपासून तो काढला होता का? या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती पुढे सांगेनच. तिच्यामुळे हा इतिहास मी जरा जास्तच चिवटपणे वाचला. वाचून झाल्यावर एवढे लक्षात आले की यातले बहुतेक आकडे कानाने ठरवलेले नाहीत. ते उरलेल्या जागेने ठरवलेले आहेत.

सुरुवात कॉम्पॅक्ट डिस्कपासून करू. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावरचा आवाज कसलीही काटछाट न करता लिहिलेला असे. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचे, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांसाठी करायचे. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट. सेकंदाला किती बिट खर्च करायचे याचा हा जो दर, त्यालाच बिटरेट म्हणतात. आता ४४,१०० च का, सरळ ४०,००० किंवा ४५,००० का नाही? कारण त्या काळी इतके बिट साठवायला सोयीचे यंत्र एकच होते, ते म्हणजे व्हिडिओ टेपरेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक रेषेत आवाजाची तीन मोजमापे बसत. अमेरिकन पद्धतीत एका फील्डमधल्या २४५ रेषा वापरता येत आणि सेकंदाला ६० फील्ड. ३ गुणिले २४५ गुणिले ६०, बरोबर ४४,१००. युरोपच्या पद्धतीत रेषा २९४ आणि फील्ड ५०, तरी उत्तर तेच. म्हणजे ज्या आकड्याला आपण इतकी वर्षे संगीताचा आकडा समजत आलो, तो मुळात टेलिव्हिजनच्या रेषांचा आकडा आहे!

हे १,४११ किलोबिट आवळायचे कसे, याची किल्ली मात्र खरोखर कानात सापडली. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी १९२० च्या दशकापासून टेलिफोनसाठी माणसाच्या ऐकण्याचा अभ्यास करत होते. पुढे जर्मनीत एबरहार्ड झ्विकर यांनी तो बराच पुढे नेला. त्यांना जे दिसले ते आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना बाहेरच्या खोलीतून कुणी हलक्या आवाजात काही बोलले तर ते कानावर पडते, पण ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या पट्टीतला लहान आवाज झाकून टाकतो. बरे, हे झाकणे त्या क्षणापुरतेच नसते. मोठा आवाज थांबल्यावरही काही काळ आणि सुरू होण्याच्या किंचित आधीही कान बधिर असतो. मग जे ऐकूच येणार नाही त्यावर बिट कशाला खर्च करायचे? एन्कोडर म्हणजे आवाज आवळून बांधणारी आज्ञावली. ती एवढेच करते. आवाजाचा एक छोटा तुकडा घेते, त्यातले कुठले सूर कुठल्या सुरांखाली झाकले जातील याचा अंदाज बांधते, आणि झाकलेल्या ठिकाणी मुद्दाम ढिसाळ हिशेब ठेवते. ढिसाळपणामुळे खरखर निर्माण होते, पण ती झाकणाखाली राहते. बिट कमी पडले की खरखर झाकणाबाहेर डोकावते. आपल्याला जो 'पाण्याखालून आल्यासारखा' आवाज वाटतो तो हाच.

तुकड्यातले सूर वेगळे काढायला एक गणिती चाळणी लागते. या चाळणीची गोष्ट आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या माणसांनी तरी माहीत करून घ्यावी. बंगळूरहून अमेरिकेत आलेले नासिर अहमद कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी पैसे मागितले. ते नाकारले गेले. अहमद यांनी पुढे १९९१ साली लिहिलेल्या आठवणीनुसार, एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली. त्यांनी काम सोडले नाही. आपले विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधले के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते रूपांतर प्रसिद्ध केले. तेच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. संगणकावरची छायाचित्रे आणि डीव्हीडीवरचे चित्र त्याच्यावर चालते. आवाजासाठी प्रिन्सन आणि ब्रॅडली यांनी १९८६-८७ च्या सुमारास त्याचे एक सुधारित रूप काढले, ज्यात शेजारचे तुकडे एकमेकांवर अर्धे चढलेले असतात, त्यामुळे सांधे ऐकू येत नाहीत. एमपी३, डॉल्बी, सोनी, एएसी, पुढचे ऑपस, सगळ्यांच्या पोटात हीच चाळणी आहे. परीक्षकाला साधी वाटली ती कल्पना अशी घरोघर गेली.

आता १२८. जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठात डीटर झाइट्सर नावाचे प्राध्यापक होते. टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवावे ही त्यांची १९७० च्या दशकातली कल्पना. पेटंट कचेरीने ती अशक्य म्हणून फेटाळली, तेव्हा त्यांनी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला त्या कामावर बसवले. तार कुठली? तर नव्याने येऊ घातलेली आयएसडीएन. तिच्यात ६४ किलोबिटांच्या दोन वाटा असत. दोन्ही मिळून १२८. झाले! संगीत १२८ मध्ये बसवायचे हे ध्येय तारेने ठरवले, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे जगभर माणसे 'एमपी३ म्हणजे १२८' असे धरून चालली. त्या तारेचे नावही आज कुणाला आठवत नाही.

ब्रांडेनबुर्ग यांची फजिती करणाऱ्या गाण्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर', नुसता गळा, साथीला एकही वाद्य नाही. मोठमोठ्या वाद्यवृंदावर बरे चालणारे त्यांचे यंत्र या एकट्या बाईपुढे हरले. कारण समजून घेण्यासारखे आहे. वाद्यवृंदात झाकायला भरपूर काही असते. एकट्या गळ्यात दोन शब्दांच्या मधे शांतता असते, आणि शांततेखाली काही लपत नाही. शिवाय असा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध ऐकू येतो. डावी आणि उजवी वाहिनी वेगवेगळी आवळली तर दोहोंची खरखर वेगळी होते, ती दोन बाजूंना पसरते, आणि मधला आवाज तिला झाकू शकत नाही. म्हणून 'दोहोंत समान काय आणि वेगळे काय' अशी वाटणी करून आवळण्याची पद्धत आली, जिला जॉइंट स्टिरिओ म्हणतात. सिनेमाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. सिनेमातला बहुतेक संवाद हा एकटा गळा असतो आणि तो पडद्याच्या मधोमध असतो. स्फोट आणि गाड्यांचा पाठलाग बांधायला अवघड असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रात्रीच्या शांत खोलीत दोन माणसे हळू बोलत असली की एन्कोडरची अब्रू जाते.

सिनेमागृहात मात्र ही मंडळी वेगळ्याच वाटेने पोचली, आणि मला या सगळ्यात अधिक आवडणारा भाग हाच आहे.

१९९० साली कोडॅक आणि ऑप्टिकल रेडिएशन कॉर्पोरेशन यांनी फिल्मवर डिजिटल आवाज आणला. 'डिक ट्रेसी' हा त्यातला पहिला चित्रपट. त्यांनी फिल्मच्या कडेला जिथे पूर्वापार आवाजाची प्रकाशरेषा असते तीच जागा घेतली आणि जुनी रेषा काढून टाकली. आवाज उत्तम होता, म्हणतात. पण डिजिटल भाग वाचता आला नाही तर मागे उभे राहायला काहीच नाही, सिनेमा मुका! शिवाय ही फिल्म साध्या थिएटरात चालेना, म्हणजे दोन प्रकारच्या प्रती काढा. थोड्याच चित्रपटांनंतर ही पद्धत गुंडाळावी लागली.

डॉल्बीच्या लोकांनी जुन्या रेषेला हात लावायचा नाही असे ठरवले. मग डिजिटल आवाज लिहायचा कुठे? ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये रिकामी जागा अशी नसतेच. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला आवाजाची रेषा, कडांना दातेरी चाकांसाठी छिद्रे. राहता राहिली दोन छिद्रांच्या मधली जागा. जुन्या चाळीत दोन बिऱ्हाडांमधल्या बोळात कुणी संसार थाटावा तसा त्यांनी तिथे आवाज थाटला. प्रत्येक दोन छिद्रांच्या मधे ७६ गुणिले ७६ ठिपक्यांचा एक चौकोन. एका चित्राला चार छिद्रे, सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे सेकंदाला ९६ चौकोन. हिशेब करा: सेकंदाला ५,५४,४९६ ठिपके. चौकोनाच्या मध्यावर त्यांनी आपले बोधचिन्हही छापले, तेवढे सोडा. पण छिद्रांजवळची जागा ही फिल्मवरची सर्वांत जास्त घासली जाणारी जागा, तिथे ओरखडे पडणारच. त्यामुळे उरलेल्यातला मोठा हिस्सा चुका सुधारण्याच्या तरतुदीसाठी ठेवावा लागला. शेवटी आवाजाच्या वाट्याला आले ३२० किलोबिट.

या ३२० मध्ये काय बसवायचे होते ते पाहा. पडद्यामागे तीन वाहिन्या, प्रेक्षकांच्या बाजूंना दोन, आणि खोल गडगडाटासाठी एक अरुंद वाहिनी, ज्याला ५.१ म्हणतात. पाचच पूर्ण वाहिन्या धरल्या तरी न आवळता ३,८४० किलोबिट लागतात. म्हणजे बारात एक. यासाठी एसी-३ हा एन्कोडर घडवला गेला. सगळ्या वाहिन्यांचे बिट एका सामायिक कोठारात ठेवायचे आणि ज्या क्षणी ज्या वाहिनीला गरज असेल तिला द्यायचे, ही त्यातली मुख्य युक्ती. एकत्र कुटुंबाची तिजोरी म्हणा ना. नायिका बोलत असताना मागच्या वाहिन्या बहुधा गप्प असतात, तेव्हा त्यांचा वाटा तिला मिळतो. जून १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' या पद्धतीने प्रदर्शित झाला. चौकोन वाचता आला नाही की यंत्र गुपचूप जुन्या प्रकाशरेषेवर जाई, आणि बहुतेक प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागत नसे.

पुढच्याच वर्षी टेरी बेअर्ड यांच्या डीटीएसने 'जुरासिक पार्क' साठी जागेचा प्रश्न सरळ फिल्मच्या बाहेर नेला. फिल्मवर फक्त वेळेची एक तुटक खूण, आणि आवाज वेगळ्या सीडी-रॉमवर. तिथे जागा ऐसपैस, त्यामुळे चारास एक एवढेच आवळून ८८२ किलोबिट देता आले. त्यासाठी वापरलेली एपीटी-एक्स ही पद्धत बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत जन्मलेली. त्याच जूनमध्ये सोनीने 'लास्ट अॅक्शन हीरो' साठी छिद्रांच्याही बाहेरच्या दोन्ही कडा वापरून आठ वाहिन्या लिहिल्या. म्हणजे १९९३ नंतरच्या काही प्रतींवर एकाच सिनेमाचा आवाज चार जागी असे: जुनी रेषा, छिद्रांमधले चौकोन, कडांचे पट्टे, आणि सीडीसाठीची खूण. डीटीएसचा आवाज चांगला की डॉल्बीचा, यावर तेव्हा पुष्कळ वाद झडले. त्यांत कान किती आणि मोठ्या आकड्याचा दबदबा किती, हे सांगणे अवघड आहे. एकाने सौम्य आवळले होते, दुसऱ्याने जास्त हुशारीने आवळले होते, आणि नुसते आकडे शेजारी ठेवून त्यांचा निवाडा होत नाही. वेगवेगळ्या एन्कोडरांचे बिटरेट ताडून पाहणे म्हणजे तोळ्याने आणि शेराने तोललेला माल एकाच भावाने विकण्यासारखे आहे.

घरी आलेल्या सिनेमाचेही हेच झाले. १९९३ साली ठरलेली व्हिडिओ सीडी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. भारतीय वाणसामानाच्या दुकानात डाळीच्या पोत्यांशेजारी रॅकवर असत, हिंदी सिनेमा म्हटला की दोन किंवा तीन तबकड्या. साध्या सीडीचा वाचायचा वेग ठरलेला, त्यात ७४ मिनिटे बसवायची. चित्राला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४. हा आवाज एमपी३ चा थोरला भाऊ, एमपीईजी लेयर २, ज्याचा उगम म्यूझिकॅम या युरोपीय पद्धतीत. तो दिसायला साधा, पण २२४ मध्ये बरा चाले. घरच्या लेसरडिस्कवर एसी-३ आले ३८४ किलोबिटांनी, डीव्हीडीवर त्याची कमाल मर्यादा ४४८ झाली. थिएटरात ३२० आणि घरी ४४८! घरातला दिवाणखाना थिएटरपेक्षा जास्त चोखंदळ होता म्हणून नव्हे. डीव्हीडीवर छिद्रे नव्हती, एवढेच. डीटीएसने डीव्हीडीवर मागितले १,५०९. ते का, तर प्लेअरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या डिजिटल तारेतून दोन वाहिन्यांचे १,५३६ किलोबिट जात, त्यात हे बेताने मावे. पुष्कळ तबकड्यांवर पुढे त्याचे निम्मे, ७५४, करावे लागले, कारण चित्राला आणि दुसऱ्या भाषांच्या आवाजांना जागा हवी होती.

मग १९९९ नंतर घराघरांतल्या संगणकांवर एक नवीनच उद्योग सुरू झाला. डीव्हीडीवरचा सिनेमा ७०० मेगाबाइटच्या एका कोऱ्या सीडीत कोंबायचा. त्यातले किती काम स्वतःच्या मालकीच्या डीव्हीडीचे होते आणि किती चोरीचे, हे आपण सगळे जाणतो. पण आवाज आवळण्याचे व्यावहारिक शहाणपण त्याच उद्योगात तयार झाले, हेही खरे. आपल्या हिंदी सिनेमाचा हिशेब करा. तीन तासांचा सिनेमा आणि डीव्हीडीवरचा ४४८ चा मूळ आवाज जसाच्या तसा ठेवला तर तो एकटाच ६०५ मेगाबाइट खातो. चित्राला उरतात शंभरेक! १२८ चा एमपी३ केला तर १७३ मेगाबाइट, ९६ केला तर १३०. चित्रातले चौकोन डोळ्यांना लगेच खुपतात, आवाजातली खरखर कान काही काळ सोसतो. त्यामुळे दरवेळी गदा आवाजावर येई.

अशा तंगीत कुठला एन्कोडर वापरावा याला फार महत्त्व आले. सर्वसामान्यांना वाटते एमपी३ म्हणजे एमपी३. प्रमाणग्रंथात लिहिलेले असते ते उलगडायचे कसे एवढेच. बांधायचे कसे, कुठे बिट खर्चायचे, हे बांधणाऱ्यावर सोडलेले असते. एकाच पीठाची दोन घरची भाकरी वेगळी होते तसे. १९९८ साली सुरू झालेला लेम हा खुला एन्कोडर वर्षानुवर्षे हौशी लोकांनी ऐकून ऐकून सुधारला. त्यांची पद्धत मला फार आवडते. मूळ कुठले आणि आवळलेले कुठले हे न सांगता दोन्ही ऐकवायचे, आणि तिसरा तुकडा दोहोंपैकी कुठला ते ओळखायला लावायचे. पुन्हा पुन्हा. 'मला फरक स्पष्ट जाणवतो' म्हणणाऱ्यांपैकी भलेभले या परीक्षेत चाट पडतात. मी स्वतः पडलो आहे. टाळ्या, चिपळ्या, तबल्याची चाटी, अशा अचानक सुरू होणाऱ्या आवाजांवर मात्र फरक लौकर सापडतो. ढिसाळ हिशेबाची खरखर आख्ख्या तुकड्यात पसरते, म्हणजे चाटी पडण्याच्या आधीच तिची सावली ऐकू येते. चांगला एन्कोडर चाटी येते आहे हे ओळखून तुकडे छोटे करतो. वाईट एन्कोडरला तुम्ही १९२ दिले तरी तो ती सावली घालवू शकेलच असे नाही.

याच मंडळींनी सर्वत्र सारखा दर देण्याचा हट्टही सोडला. शांत प्रसंगी कमी, गर्दीच्या प्रसंगी जास्त, सरासरी काय येईल ती येवो. सीडीची जागा काटेकोर असेपर्यंत हे परवडत नसे. जागा सैल झाल्यावर तोच शहाणपणाचा मार्ग ठरला.

अजून एक तक्रार तुम्ही नक्की ऐकली असेल: "गाणी कानठळ्या बसवतात आणि बोलणे ऐकूच येत नाही." त्यात बिटरेटचा काही दोष नसतो. ५.१ चे दोन वाहिन्यांत मिश्रण करताना मधला संवाद दोन्हींकडे वाटून द्यायचा, त्यात इतर सगळे मिसळायचे, आणि बेरीज फुटू नये म्हणून एकूण पातळी खाली आणायची. त्यावर एखाद्या स्फोटाला कमाल धरून पातळी ठरवली की कुजबूज तळाला जाते. एसी-३ मध्ये संवादाची सरासरी पातळी सांगणारा १ ते ३१ असा एक आकडा सोबत असतो, त्यावरून यंत्राने आवाज जुळवून घ्यावा अशी योजना. एमपी३ मध्ये रूपांतर करताना हा आकडा बहुधा वाटेतच गळून पडे. लोक मग बिटरेट वाढवून पाहत आणि वैतागत.

आता माझी चूक. २००१ साली मंडळाच्या एका जुन्या नाटकाची व्हीएचएस फीत मी घरी संगणकावर घेतली. १९८६ च्या प्रयोगाची. त्यात आजीची भूमिका करणाऱ्या बाई पुढे दोनच वर्षांनी गेल्या आणि त्यांच्या आवाजाचे दुसरे काही कुणाजवळ नव्हते. मी विचार केला, फितीचा आवाज तसाही यथातथाच, त्याला कशाला जास्त बिट? माझ्या संगणकाबरोबर आलेल्या एमपी३ एन्कोडरच्या यादीत ५६ च्या वर आकडाच नव्हता, पूर्ण एन्कोडर वेगळा विकत घ्यावा लागे. मी ५६ निवडले, तेही स्टिरिओ. सीडी लिहिली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव घातले, आणि घर बदलताना फितींचा खोका टाकून दिला.

चूक कुठे झाली हे मला नंतर कळले. यथातथा आवाजाला कमी बिट पुरतात हा समज मुळातच उलटा आहे. फितीची सुसूसू ही गणिताच्या दृष्टीने फार महाग वस्तू. तिच्यात कसलीच पुनरावृत्ती नसते, त्यामुळे ती आवळली जात नाही, आणि एन्कोडर बिचारा आपली तुटपुंजी कमाई त्या सुसूवर उधळतो. त्यात फीत एका वाहिनीची, मी घेतली दोन वाहिन्यांत. साउंड कार्डाची स्वतःची खरखर डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी, म्हणजे तोच उधळेपणा दुप्पट. उरलेल्यात बाईंचा आवाज. आणि आपल्या भाषेतली 'श', 'स', 'छ' ही अक्षरे तरी काय आहेत? जिभेने केलेली सुसूच. एन्कोडरला तीत आणि फितीच्या सुसूत फरक कळत नाही. आज ती सीडी लावली की बाईंची स्वरांची लय ओळखू येते, पण 'शेवटचं सांगते' मधला 'श' आणि 'स' काचेवरून पाणी ओघळावे तसे ओघळतात. ५६ च्या जागी एका वाहिनीत ९६ किलोबिट दिले असते तर तासाला १८ मेगाबाइट जास्त लागले असते.

कोडॅकवाल्यांनी जुनी प्रकाशरेषा काढून टाकली होती, मी फीत. त्यांना निदान सुधारायची संधी होती.

त्यानंतर एन्कोडर खूप पुढे गेले. १९९७ चे एएसी, त्यावर २००३ च्या सुमारास आलेली अगदी कमी बिटरेटची रूपे, ज्यांत वरच्या पट्टीतले सूर साठवण्याऐवजी खालच्यांवरून अंदाजाने नव्याने रचले जातात (बोलण्याला ठीक, पण जतन करायच्या वस्तूत अंदाज नको), २०१२ चे ऑपस, जे बोलणे आणि संगीत दोन्ही सांभाळते आणि कुणाचे पेटंट शुल्क मागत नाही. एमपी३ ची पेटंटेही २०१७ पर्यंत संपली. तरी सिनेमा घरी पोचवणाऱ्या कंपन्यांना जागेचा मोह सुटला नव्हता. नेटफ्लिक्सने २०१९ साली स्वतःच सांगितले की 'स्ट्रेंजर थिंग्ज' च्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागातला गाड्यांचा पाठलाग, संकलनाच्या खोलीत जसा होता तसा घरी ऐकू येईना. निर्मात्यांनी तक्रार केली आणि ५.१ ची कमाल ६४० किलोबिटांपर्यंत नेली गेली. यावेळी मात्र आकडा ऐकून ठरवलेला होता: मूळ आणि आवळलेले यांत फरक कळू नये इतका. छिद्रांमधल्या ३२० पासून तिथवर यायला सत्तावीस वर्षे लागली.

आठवड्याने मी त्या मुलीला फोन केला आणि म्हटले, "मी तुला त्या दिवशी १९२ सांगितलं, ते विसर. तुझ्या डिस्कवर जागा किती आहे?"

"एक टेराबाइट. का?"

मी तिला हिशेब सांगितला. एका वाहिनीचा आवाज, ४८,००० मोजमापे, १६ बिट, अजिबात न आवळता, तीन तासांच्या नाटकाला साधारण एक गिगाबाइट. फ्लॅकने बांधले तर त्याहून कमी, आणि त्यात एकही बिट हरवत नाही. ती प्रत जपून ठेवायची. सभासदांना पाठवायला तिच्यावरून एएसी किंवा ऑपस, एका वाहिनीला ९६ भरपूर. आवाज सफाईने पुसण्याचा उद्योग करायचा असेल तर तो दुसऱ्या प्रतीवर, मूळ प्रतीवर कधीच नाही. व्हीसीआरची डोकी आधी स्वच्छ करायची, ट्रॅकिंग प्रत्येक फितीला नव्याने जुळवायचे, आणि फीत शक्यतो एकदाच चालवायची.

"आणि काका, फिती नंतर टाकून देऊ ना? कपाट भरलंय."

मी म्हटले, माझ्या तळघरात एक कपाट रिकामे आहे. शनिवारी येऊन घेऊन जातो.